हिराकोटातली मुलाखत

२४ जानेवारी १९९८

आजपासून लिहिते. घरात बोलायला कोणी उरलं नाही आणि अंगणवाडीत पोरांसमोर रडता येत नाही.

जगनचं तेरावं होऊन गेलं. एकोणीस वर्षांचा माझा एकुलता एक. रोह्याकडच्या एका कंपनीत टाकी साफ करायला उतरला, आत गॅस होता, बाहेर काढला तेव्हा संपलेला होता. त्याला टाकीत कोणी उतरवलं? माझ्या पाठच्या भावाने. जनूने. जनू त्या कंपनीला माणसं पुरवतो, मुकादम म्हणवून घेतो. दिवाळीनंतर तोच आला होता. म्हणाला, ‘‘बाय, जगनला घरी बसवून काय करतेस? माझ्या नजरेखाली ऱ्हाईल.’’ त्याच्या नजरेखाली मेला.

आणि त्या दिवसापासून जनू बेपत्ता आहे. भाच्याच्या चितेला आला नाही, दहाव्याला आला नाही. हे, म्हणजे जगनचे बाबा, काविळीने गेले तेव्हा याच जनूने दोन पावसाळे माझं शेत लावलं होतं. लोक तेच सांगतात मला अजून. म्हणून काय पोर द्यायचं का बदल्यात?

मी त्याला शोधणार. सापडला की काय करीन ते ठरवलेलं नाही. आधी तोंडावर थुंकेन एवढं नक्की.

३१ जानेवारी

निडीला जाऊन आले, माहेरी. आई दारातच बसली होती. मला बघून उठलीसुद्धा नाही, नुसता हात पुढे केला. मी तो धरला नाही.

‘‘जनू कोठं हाय?’’

‘‘मला ठावं नाय गो. काळुराम बोलला, दवाखान्यात हाय.’’ काळुराम म्हणजे आमचा चुलतभाऊ. ‘‘तिकडं पनवेलीच्या पुढं कोठंतरी.’’

‘‘कशानं? काय झाला त्याला?’’

‘‘ते त्यानं सांगितला नाय.’’

मला हसू आलं. दवाखाना! लपायला जागा बरी शोधली. पोलिसांचा पाहुणचार चुकवायला माणसं पोटात दुखतंय म्हणून खाटेवर पडतात ते काय मला माहीत नाही? जनूची बायको पुतळी पोरं घेऊन माहेरी निघून गेली आहे. शहाणी. आई म्हणाली, ‘‘दोघं माझीच गो. एक हात कापला तर दुसऱ्यानं कुणाला पुसू?’’ मी म्हटलं, ‘‘माझा तर एकच होता.’’ चहा न घेता निघाले.

९ फेब्रुवारी

रोह्याला पोलीस ठाण्यात गेले. रजा टाकली, इंदुबाईवर अंगणवाडी सोपवली. ती माझी मदतनीस, मन लावून करते.

हवालदार वयस्कर होता. जनूचं नाव सांगितलं तर म्हणाला, ‘‘तो? त्याला दवाखान्यातून सुटल्याबरोबर ताब्यात घेतला. कोर्टात उभा केला. आता न्यायालयीन कोठडी. अलिबागला हलवलाय.’’

‘‘अलिबागला कोठं?’’

‘‘हिराकोटात. जिल्ह्याचं जेल तिथंच. तुम्ही कोण?’’

मी म्हटलं, ‘‘जो मेला त्याची आई.’’ त्याने पेन खाली ठेवला. मग मला विचारलं, पाणी पिणार का. माझा जबाब आधीच घेतलेला आहे, गुन्हा सदोष मनुष्यवधाचा लागला आहे, साक्षीला मला बोलावतील, हे सगळं त्याने नीट समजावलं. मी विचारलं, कंपनीच्या साहेबाचं काय? तो म्हणाला, कागदावर आत्ता तरी मुकादमाचंच नाव आहे.

बाहेर आले. पुलावरून पलीकडच्या अष्टमी गावापर्यंत उगाच चालत गेले आणि परत आले. खाली कुंडलिका भरलेली होती. मला बरं वाटत होतं. सापडला. भिंतीच्या आत आहे, कुठे जात नाही आता.

१७ फेब्रुवारी

अलिबागला पहिली खेप फुकट गेली.

आमच्या गडब नाक्यावरून वडखळ, तिथून पेणहून येणारी अलिबागची गाडी. पोयनाडपर्यंत उभ्याने, पुढे जागा मिळाली. हिराकोट मी शाळेच्या सहलीत लहानपणी बाहेरून पाहिला होता. आंग्र्यांच्या वेळचा, नुसते काळे दगड एकावर एक रचलेले, शेजारी तळं. तेव्हा गुरुजींनी खजिना असायचा म्हणून सांगितलं होतं. तळ्याच्या कडेला आज बायका धुणं धूत होत्या आणि मी दरवाज्यासमोर उभी.

शिपायाने विचारलं, ‘‘कोण लागतो तुमचा?’’

मी पदर सावरला.

‘‘बाई, मुलाखत नातेवाइकांनाच मिळते. कोण लागता?’’

‘‘बहीण.’’

सख्खी का, म्हणून विचारलं. तेही मला बोलावं लागलं. सख्खी. हा शब्द मला गिळता येईना आणि थुंकता येईना. मग त्याने रेशनकार्ड मागितलं, ते मी नेलंच नव्हतं. ‘‘पुढच्या वेळी घेऊन या. वार बघून या.’’ वार सांगितले.

परतीच्या गाडीत विचार करत होते. जगाच्या पाठीवर ज्याच्यावर माझा सर्वांत जास्त राग आहे, त्याच्यापर्यंत पोचायचं तर त्याची बहीणच व्हावं लागतं. ठीक आहे. होईन.

२४ फेब्रुवारी

भेटला.

जाळीच्या पलीकडे आणून उभा केला. आधी ओळखलाच नाही. गालफडं बसलेली, सदरा अंगावर लोंबत होता. माझ्याकडे बघून जाळीला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

‘‘बाय,’’ म्हणाला. आवाज नाहीच. घोगरा, फाटक्या पिशवीसारखा. गुन्हेगाराचा आवाज असाच बसत असेल.

मी रात्रीपासून जे जे ठरवलं होतं त्यातलं काही आठवेना. तोंडात थुंकीसुद्धा आली नाही. एवढंच विचारलं, ‘‘जगन शेवटी काय बोलला?’’

तो खाली बघत राहिला. मी पुन्हा विचारलं. शेजारच्या जाळीशी एक बाई नवऱ्याशी रडून भांडत होती, तिचंच सगळं ऐकू येत होतं. शिपाई म्हणाला, वेळ होत आली. तेव्हा याने तोंड उघडलं आणि काय विचारावं?

‘‘आय बरी हाय ना?’’

माझ्या पोराचं एका शब्दाने उत्तर नाही आणि स्वतःची आई पाहिजे. मी जाळीच्या अगदी जवळ गेले आणि म्हटलं, ‘‘आय मेली.’’

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

‘‘तुझ्या पायी मेली. गेल्या हप्त्यात. तुझं नाव घेत नव्हती.’’

बसला तो. उभा होता तिथेच खाली बसला, मला नुसता डोक्याचा शेंडा दिसत होता. शिपायाने मला विचारलं, ‘‘काय झालं?’’ मी म्हटलं, ‘‘घरची बातमी होती.’’

२५ फेब्रुवारी

काल घरी येऊन भात टाकला आणि पोटभर जेवले. जगन गेल्यापासून पहिल्यांदा चव लागली. हे खरं आहे म्हणून लिहिते.

१२ मार्च

शिमगा. गावकीची होळी खळ्यावर पेटली. दरवर्षी बाया लांब उभ्या राहतात, बोंब पुरुषांनी मारायची. मी पुढे गेले. आगीच्या समोर उभी राहून तोंडावर हात मारून जनूच्या नावाने बोंब ठोकली. एकदा, दोनदा. मग मोजलं नाही. आधी पोरं हसली, मग गप्प झाली. इंदुबाईने मला धरून घरी आणलं. म्हणाली, ‘‘हौसाबाय, सख्खा भाऊ हाय गो.’’

मी म्हटलं, ‘‘म्हणूनच.’’

घसा आज पार बसला आहे.

२० मार्च

तिसऱ्यांदा गेले. शिपाई ओळखायला लागला. रेशनकार्ड परत देताना म्हणाला, ‘‘बहीण असावी तर अशी. याला दुसरं कोणी येत नाही.’’ मी मान हलवली.

जनूने डोकं भादरलेलं होतं. मिशीसुद्धा नाही. आत न्हाव्याला सांगून करून घेतलं म्हणाला. आईसाठी. मला क्षणभर कळलंच नाही कोणत्या आईसाठी.

‘‘अग्नी कोणी दिला, बाय?’’

‘‘काळुरामनं.’’

‘‘दहावा?’’

‘‘त्यानंच.’’

‘‘कावळा शिवला का?’’

‘‘नाय,’’ मी म्हटलं. ‘‘शिवला नाय. संध्याकाळपर्यंत बसलो. शेवटी दर्भाचा करून शिववला.’’

हे मला कुठून सुचलं देव जाणे. तो ऐकत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसतही नव्हता. मग खोकायला लागला. आतून फाडून काढणारा खोकला, जाळी धरून वाकला. तेव्हा हात दिसले. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोललेली, नवी गुलाबी कातडी आलेली. जेलातली खरूज असणार. असू दे.

मी विचारलं, ‘‘जगन शेवटी काय बोलला?’’

‘‘नको विचारू, बाय.’’

‘‘मी दर वेळेला विचारणार. तुला फाशी होत नाय तोवर.’’

फाशी होणार नाही हे मला हवालदाराने सांगितलं आहे. पण त्याला काय माहीत.

आज घरी येऊन जेवण गेलं नाही. गाडी लागली असेल.

२९ मार्च

साक्ष पक्की करायला निघाले होते. त्या दिवशी टाकीवर जनू, जगन आणि आणखी एक होता, दामू. अष्टमीच्या पुढे नदीच्या बाजूला त्याची वाडी. विचारत विचारत गेले. दामू खाटेवर होता, बायको आवडी दारात करवंदीच्या काटक्या मोडत होती. मी जगनची आई म्हटल्यावर तिने अंगणात गोणपाट टाकलं आणि ती आत जाऊन बसली, बाहेर आली नाही.

मी दामूला म्हटलं, ‘‘कोर्टात सांगशील ना, जनूनं त्याला उतरवला?’’

‘‘व्हय. त्यानंच उतरवला.’’

‘‘मास्क नव्हता?’’

‘‘नव्हता. जनू साहेबाला बोलला, हवेची नळी येऊ दे, मास्क येऊ दे, उद्या करू. साहेब बोलला, आज टाकी रिकामी पाहिजे, नायतर उद्यापासून दुसरा मुकादम बघतो. मंग जनू बोलला जगनला, उतर, दोन मिनटाचा काम हाय.’’

‘‘बोलला ना असं?’’

‘‘बोलला.’’

मला तेवढंच पाहिजे होतं. मी उठले. दामू म्हणाला, ‘‘बस बाय, पुढचा ऐक.’’

पुढचं असं की जगन खाली कोसळल्याबरोबर जनूने तशीच उडी घातली. तोंडाला फडकंही नाही. तळाला जे होतं त्यात कोपरापर्यंत हात भाजले. जगनला खांद्यावर घेऊन शिडी चढला, अर्ध्यावरून दोघं खाली आले. परत उचलला. दुसऱ्यांदा शिडीवर आला तेव्हा दामूने वरून दोर टाकला. दोर जनूने स्वतःला नाही, जगनला बांधला. जगन वर आला. जनूला काढायला मग दुसऱ्या खात्यातली माणसं आली. दामू वाकून ओढत होता, त्यालाही वाफ लागली, तो अजून खाटेवर आहे.

मी म्हटलं, ‘‘तुला कोणी शिकवला हे बोलायला?’’

आतून आवडी बोलली, ‘‘त्याला कोण शिकवील गो? त्याला बघायला एक मानूस आला नाय अजून.’’

मी निघून आले. सगळे मिळालेले आहेत. आणि खरं धरलं तरी काय? आधी पाठवला त्यानेच. दोन मिनिटांचं काम म्हणाला. नंतर उडी मारून माझं पोर परत आलं का?

दर्भाचा कावळा मला सारखा आठवतो.

११ एप्रिल

आई निडीहून एकटी आली. गाडीतून उतरून भर उन्हात चालत. तिला बसवून पाणी दिलं.

जनूला जामीन मंजूर झाला आहे, पण जामीन राहायला माणूस नाही. कोर्टाने दिलेल्या वकिलाने काळुरामला निरोप धाडला. काळुरामची जमीन बापाच्या नावावर, बाप सही द्यायला तयार नाही. आई आली होती माझ्याकडे. सातबारा माझ्या नावावर आहे.

‘‘मी? मी जामीन राहू? आये, तुला काय वाटतं का बोलायला?’’

‘‘नाय वाटत,’’ आई म्हणाली. ‘‘लाज वाटायचं वय गेला माझा.’’

मग म्हणाली, ‘‘त्याचं डोकं फिरलं गो हौसा. वकील काळुरामला बोलला, आरोपी सांगतो की माझी आई वारली. जिती मी, आणि माझा पोर कोर्टात सांगतो आई वारली. आत काय करतात गो त्याला? मारतात काय डोक्यात?’’

मी चुलीकडे तोंड करून बसले.

‘‘मला ने त्याच्याकडं. मी डोळ्यासमोर उभी ऱ्हायली का त्याचा डोका ठिकाणावर येईल.’’

मी खूप कारणं सांगितली. ऊन आहे, गाडीला गर्दी असते, मुलाखत मिळत नाही. ती ऐकत होती आणि शेवटी म्हणाली, ‘‘तू नाय नेलंस तर काळुराम नेईल.’’

म्हणजे मीच नेते. तो तिच्यासमोर सगळं ओकेल आणि मी तिथे नसेन, हे मला चालणार नाही. ओकू दे माझ्या तोंडावर. मला कोणाची भीती आहे?

१५ एप्रिल

गेलो. शिपायाने आईला बसायला स्टूल दिलं.

जनू आला. आधी त्याला मीच दिसले. मग त्याची नजर खाली स्टुलावर गेली.

त्याचं तोंड मी आयुष्यात विसरणार नाही. माणूस घाबरतो तसा मागे सरला. मग पुढे आला, जाळीला दोन्ही हात लावून गुडघ्यांवर बसला, आईच्या तोंडाच्या पातळीवर. बोटं जाळीतून जेवढी बाहेर येतात तेवढी काढली. आईने ती धरली.

‘‘मी मेली असा कोणी सांगितला रे तुला?’’

आता बोलेल. मी पदर खोचून उभी होते. उत्तरं तयार होती माझी.

जनूने वर बघितलं. माझ्याकडे. किती वेळ बघितलं ते कळलं नाही. त्याच्या नजरेत राग शोधला मी. असता तर सोपं झालं असतं.

‘‘कोणी नाय, आये,’’ तो म्हणाला. ‘‘सपान पडला होता.’’

‘‘आणि केस रे?’’

‘‘उवा झाल्या होत्या.’’

आई त्याला रागे भरली. सपान पडलं म्हणून कोणी आईला कागदावर मारतं का! तो हसायला गेला आणि खोकला आला. आईने त्याचे हात बघितले. विचारलं. त्याने सांगितलं, आत स्वयंपाकाला लावतात, गरम पाणी सांडलं.

दोन्ही खोटं बोलला. तेही माझ्यादेखत, मला सामील करून घेऊन.

येताना आई गाडीत माझ्या खांद्यावर झोपली. वडखळला तिला उठवून उतरवलं.

१९ एप्रिल

झोप नाही. अंगणवाडीत आज एका पोराच्या अंगावर उगाच ओरडले.

त्याने का सांगितलं नाही? सांगायला पाहिजे होतं. ‘बायनं सांगितलं’ एवढं दोन शब्दांत संपत होतं. आईने मला शिव्या दिल्या असत्या, कदाचित पुन्हा दारात उभं केलं नसतं, आणि माझं त्याचं फिटलं असतं. आता हे माझ्या डोक्यावर ठेवून तो तिथे काळ्या भिंतीआड निवांत बसला आहे. वेळेवर भाकरी येते, कोणी तोंड बघत नाही, कोणी विचारत नाही. जगनचा फोटो दिसत नाही त्याला. जगनचे मित्र नाक्यावर दिसत नाहीत. त्याची सायकल दिसत नाही. हे सगळं मी बघायचं आणि याने नाही?

शिक्षा म्हणायची ती याला? मला तर ती सुटका वाटायला लागली आहे.

त्याला इथे आणते. माझ्या घरात. मग कळेल.

२८ एप्रिल

अलिबागचं कोर्ट. सातबारा, रेशनकार्ड, फोटो. वकील तरुण आहे, त्याने माझ्याकडे दोनदा बघितलं. ‘‘बाई, तुम्ही मयताची आई. तुम्ही साक्षीदार. आणि तुम्हीच जामीन राहताय? असं मी अजून पाहिलं नाही.’’

‘‘कायद्यात बसत नाय का?’’

‘‘बसतं. पण का?’’

‘‘भाऊ हाय.’’ हा शब्द आता सहज येतो. खोटं बोलायची सवय होते.

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून विचारलं, ‘‘तुमच्यावर कोणाची जबरदस्ती नाही ना? आरोपी कुठे राहणार?’’

‘‘माझ्याच घरी,’’ मी म्हटलं.

२९ एप्रिल

आज कागद जेलात पोचले आणि दुपारी सुटला. हातात कापडी पिशवी. दरवाज्याबाहेर येऊन तळ्याकडे बघत उभा राहिला, कुठल्या बाजूला जायचं ते ठाऊक नसल्यासारखा. ओळखीचा शिपाई म्हणाला, ‘‘जा रे, बहिणीच्या पाया पड.’’ तो खरंच वाकला. मी पाय मागे घेतले.

गाडीत तो मागे बसला, मी पुढे. गडबला उतरल्यावर म्हणाला, ‘‘बाय, मी निडीला जातो.’’

‘‘कोठं जातोस? जामीन माझा हाय. मी सांगीन तिथं ऱ्हायचं.’’

ओटीवर चटई टाकली. समोरच्या भिंतीवर जगनचा फोटो, हार घातलेला. ताट वाढलं ते फोटोकडे तोंड करून. म्हटलं, ‘‘असंच बसायचं. रोज.’’

बसला. एक घास घेतला आणि तो तोंडातच राहिला. मी समोर बसून बघत होते. किती दिवस या घटकेची वाट बघितली होती. ताट तसंच उचलून आत नेलं. मग मीसुद्धा जेवले नाही.

६ मे

इंदुबाई माझ्या ओटीवरून येत नाही, मागच्या दाराने येते. आळीतल्या बाया विहिरीवर माझ्याशी बोलत नाहीत. काहींना वाटतं मला कंपनीने दाबलं. एकीने तर तोंडावर विचारलं, भाऊ गोड लागला, पोरगा विसरलीस का?

बोलू दे. मी काय करते आहे ते माझं मला माहीत आहे.

तो दिवसभर काही ना काही करतो. शेताचा खाडीकडचा खारा बांध खचला होता तो बांधतो आहे. दोन टोपल्या माती टाकतो आणि बसतो, धाप लागते. मी त्याला कर म्हटलेलं नाही. रोज संध्याकाळी विचारते, जगन शेवटी काय बोलला. रोज गप्प.

१७ मे

आज त्याने सांगितलं. मी विचारलंसुद्धा नव्हतं. भाजी निवडत होते.

‘‘बाय, मी खाली गेलो तवा त्याचे डोळे मिटलेले होते. काय बोलला नाय तो. तू रोज विचारतेस, मला काय सांगू कळत नाय. खोटा सांगितला असता, पण त्याचा नाव घेऊन खोटा नाय बोलवत.’’

मी म्हटलं, ‘‘उतरायच्या आधी?’’

‘‘आधी बोलला, ‘मामा, आज लवकर सोड. आईला नागोठण्याला डॉक्टरकडं न्यायची हाय, तिची कंबर दुखते.’ मी बोललो, एवढा उरकला का जा. साहेब मागं उभा होता. मी त्याला थांब बोलू शकलो असतो. बोललो नाय. मला माझा ठेका पाहिजे होता.’’

भाजी निवडून झाली. मी ती धुतली, चिरली, फोडणीला टाकली. मला आठवलं, त्या आठवड्यात माझी कंबर दुखत होती. नंतर दुखली का, थांबली का, काही आठवत नाही.

आज ताट फोटोसमोर मांडायचं राहून गेलं. तो आपलं आपण जाऊन तिथेच बसला.

२३ मे

नाक्यावर आज तमाशा झाला. तारीख पडली आहे, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणून वकिलाला फोन करायला गेले होते. जनूला बरोबर नेला, घरी एकटा ठेवत नाही. कान्हूच्या दुकानात फोन आहे. मी बोलत होते, तो बाहेर बाकड्यावर बसला. कान्हूने सगळ्यांना चहा दिला, याला नाही. नको देऊ. पण मग गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘‘भाच्याला खाऊन आता बहिणीच्या ताटात जेवतो. याला त्याच टाकीत बुडवायला पाहिजे होता.’’ आणि ग्लास विसळलेलं पाणी त्याच्या अंगावर फेकलं. दोघंचौघं हसले. जनूने तोंडसुद्धा पुसलं नाही.

मला कळलं नाही मी फोन कधी ठेवला. बाहेर येऊन कान्हूच्या समोर उभी राहिले.

‘‘पोर कोणाचा गेला रे? तुझा?’’

‘‘हौसाबाय, मी तुझ्याच बाजूनं—’’

‘‘माझ्या बाजूनं कोणी बोलायचं नाय. त्याला शिव्या द्यायच्या त्या मी देईन. पाणी फेकायचं तर मी फेकीन. तू हात लावायचा नाय. टाकीत तो एकदा बुडालेला हाय, माझ्या पोरासाठी. तू कोणासाठी काय केलंस ते सांग आधी.’’

मी जनूला म्हटलं, ऊठ. तो उठला. घरापर्यंत तो माझ्या मागून चालत होता, पहिल्यांदाच अंतर न ठेवता. वाटेत म्हणाला, ‘‘बाय, तू हे बोलायला नको होतंस.’’ मी म्हटलं, ‘‘तू बोलू नको.’’

घरी येऊन कोरडा सदरा दिला. जगनचा होता, दुसरा नव्हता. खांद्यात घट्ट झाला.

मी त्याला माफ केलेलं नाही. उद्या कोणी ही वही वाचली तर गैरसमज नको म्हणून लिहून ठेवते. कोर्टात मी सांगणार, याने उतरवला. साहेब मागे उभा होता हेही सांगणार, दामूलाही खाटेवरून उचलून नेणार. आणि जनूने स्वतःच्या तोंडाने सांगायचं आहे, सगळ्यांसमोर, मोठ्याने. तो तयार आहे. पण आवाज कुठे आहे त्याला? चार शब्दांनंतर खोकला येतो, न्यायाधीशबाईंना काय ऐकू जाणार?

म्हणून उद्या त्याला पेणला छातीच्या डॉक्टरकडे नेते. सकाळची गाडी धरायची आहे. दूध जास्तीचं सांगितलं आहे, हळद घालून देईन. तारखेपर्यंत त्याचा आवाज मला परत पाहिजे.